गव्हावरच्या बुरशीचं कोडं सोडवायला निघाले आणि जगाला बियाणांची बँक देऊन गेले

गव्हावर तांबेरा पडला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पानावरून हात फिरवला तर बोटांना गंजासारखी नारिंगी पूड लागते. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यावर स्वार होऊन ते या शेतातून त्या शेतात जातात आणि दाणा भरायच्या आतच झाडाला पोखरून टाकतात.

पण कधीकधी अख्खं रान लाल झालेलं असतं आणि मध्येच एखादं झाड हिरवंगार उभं असतं. माती तीच, पाणी तेच, वाराही तोच. मग यालाच काही कसं झालं नाही?

शंभरेक वर्षांपूर्वी रशियातल्या एका तरुणाला हा प्रश्न पडला. त्याच्या उत्तरासाठी तो पाच खंड फिरला, लाखो बियाणं गोळा केली आणि शेवटी तुरुंगात उपासमारीने खंगून गेला.

त्यांचं नाव निकोलाय वाविलोव.

वाविलोव यांचा जन्म १८८७ सालचा, मॉस्कोचा. वडील गरीब खेड्यातून शहरात आले आणि कापडाच्या धंद्यात मोठे झाले. पोरगं चार वर्षांचं असताना, १८९१-९२ मध्ये रशियात भीषण दुष्काळ पडला. पीक बुडालं की काय होतं हे त्या पिढीला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. व्यापाऱ्याचा मुलगा असूनही निकोलाय यांनी शेतकी शिक्षणाची वाट धरली. धाकटा भाऊ सर्गेई पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला.

शिक्षण संपवून ते सेंट पीटर्सबर्गला गेले. तिथे बुरशीशास्त्रज्ञ आर्थर याचेव्हस्की यांच्या हाताखाली पिकांवरचे रोग ओळखायला शिकले. आणि १९१३ मध्ये थेट इंग्लंड गाठलं.

आता इंग्लंडच का?

तर १९०० साली मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम जगाला नव्याने सापडले होते. वाटाण्याचा उंचपणा किंवा दाण्याचा रंग पुढच्या पिढीत ठराविक प्रमाणात उतरतो, हे मान्य होत होतं. पण रोगाला तोंड देण्याची ताकदही तशीच उतरते का? केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये याचं उत्तर दिलं. पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडणारा गहू आणि त्याला दाद न देणारा गहू यांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सगळीच झाडं रोगी निघाली. पण दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक झाड निरोगी निघालं. अगदी मेंडेलच्या गणितासारखं.

याचा अर्थ रोगप्रतिकारशक्ती हा नशिबाचा भाग नव्हता. तो वारशाने मिळणारा गुण होता. आणि वारशाने मिळतो म्हणजे तो एका वाणातून दुसऱ्या वाणात आणताही येतो.

वाविलोव याच बिफेन यांच्याकडे आणि लंडनजवळ विल्यम बेटसन यांच्याकडे शिकायला आले. जेनेटिक्स हा शब्द रूढ करणारे ते हेच बेटसन. येताना वाविलोव यांनी गहू, ओट आणि बार्लीचे कितीतरी वाण सोबत आणले होते. ते शेजारी शेजारी पेरायचे आणि कोणावर तांबेरा येतो, कोणावर भुरी येते, याची नोंद ठेवायची, असं काम सुरू झालं.

त्यात एका गव्हाने त्यांना चक्रावून सोडलं. त्याला म्हणायचे पर्शियन गहू. तेव्हाच्या शास्त्रज्ञांनी त्याला साध्या पोळीच्या गव्हाच्या खात्यात टाकलं होतं. पण आजूबाजूचे गहू भुरीने पांढरे पडले तरी याच्यावर डाग नाही. साध्या गव्हाशी संकर केला तर बहुतेक पिल्लावळ वांझ.

वाविलोव यांनी अंदाज बांधला की हा साधा गहू नाहीच, ही वेगळी जात आहे. पुढे गुणसूत्रं मोजली गेली. साध्या गव्हात ४२ आणि यात २८. म्हणजे माणसाच्या डोळ्याला जो फरक दिसला नाही, तो बुरशीने आधीच ओळखला होता. १९१४ मध्ये त्यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. बुरशी कोणाला धरते आणि कोणाला सोडते, यावरून झाडांची नातीगोती ओळखता येतात, असा त्याचा सार होता.

मग पहिलं महायुद्ध पेटलं आणि वाविलोव मायदेशी परतले. लहानपणी डोळ्याला इजा झाल्यामुळे सैन्यात भरती झाली नाही. पण १९१६ मध्ये सैन्याचंच एक काम आलं. इराणमध्ये तैनात असलेले रशियन सैनिक पाव खाल्ला की झिंगल्यासारखे व्हायचे. वाविलोव यांनी जाऊन बघितलं तर गव्हात एका विषारी तणाचे दाणे मिसळलेले, आणि त्यात बुरशी. कोडं सुटलं. तिथून पुढे ते थेट पामीरच्या डोंगरांत गेले. तो पर्शियन गहू मात्र त्यांना इराणात सापडला नाही. त्याचं खरं घर कॉकेशसच्या डोंगरात आहे, हे नंतर कळलं.

१९१७ मध्ये ते सारातोव शहरात प्राध्यापक झाले. क्रांती, यादवी युद्ध, टंचाई असं सगळं चालू होतं. त्यातच १९१९ मध्ये त्यांचं वनस्पतींच्या रोगप्रतिकारशक्तीवरचं पुस्तक आलं.

इथूनच त्यांच्या आयुष्याला मोठं वळण मिळालं.

प्रतिकाराचा गुण वारशाने मिळतो, हे कळलं होतं. पण तो गुण शोधायचा कुठे? वाविलोव यांचा तर्क साधा होता. जिथे पीक आणि त्याची बुरशी हजारो वर्षं एकमेकांशी झुंजत आली आहेत, तिथेच तगून राहिलेली झाडं सापडतील. म्हणजे पिकाच्या जन्मगावी. तिथल्या डोंगरकपारीतल्या शेतकऱ्यांनी जपलेल्या जुन्या वाणांत आणि पिकाच्या रानटी भाऊबंदांत.

मग ही जन्मगावं शोधायला ते निघाले. १९२४ मध्ये अफगाणिस्तान. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राकाठचे देश आणि इथिओपिया. १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान, कोरिया. त्यानंतर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. घोड्यावरून, खेचरावरून, पायी. जिथे जातील तिथे मूठमूठ बियाणं घ्यायचं, पुडी बांधायची, लेनिनग्राडला पाठवायची.

१९२६ मध्ये त्यांनी पिकांच्या उगमस्थानांचा सिद्धांत मांडला. पुढे त्यात भारताचंही एक केंद्र आलं. भात, वांगं, काकडी, आंबा ही त्यांच्या यादीत भारताच्या नावावर होती. १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संस्थेत अडीच लाखांच्या आसपास नमुने जमले. तेव्हा जगात असा दुसरा साठा नव्हता.

पण सगळ्यात मोठी अडचण वेळेची होती. रोगाला तोंड देणारा वाण तयार करायला दहा-बारा वर्षं लागतात. संकर करा, पेरा, निवडा, परत पेरा. आणि स्टालिनच्या सरकारला घाई होती. शेती सामुदायिक करायच्या धडाक्यात १९३२-३३ चा दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. नवे वाण चार वर्षांत द्या, असा हुकूम आधीच निघालेला होता.

त्याच वेळी ट्रोफिम लायसेंको नावाचा माणूस पुढे आला. बियाण्याला थंडी दिली, वातावरण बदललं की पीकही बदलतं, जनुकं वगैरे सगळं थोतांड आहे, असं त्याचं म्हणणं. सत्तेला हेच ऐकायचं होतं. १९३८ मध्ये तो कृषी अकादमीचा अध्यक्ष झाला. याच अकादमीचे पहिले अध्यक्ष वाविलोव होते.

वाविलोव मागे हटले नाहीत. ६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये बियाणं गोळा करत असताना त्यांना अटक झाली. अनेक महिने चौकशी चालली. जुलै १९४१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, नंतर ती २० वर्षांच्या कैदेवर आली. २६ जानेवारी १९४३ रोजी तुरुंगातच त्यांचा अंत झाला. भुकेने आणि आजाराने.

तो तुरुंग सारातोवचा होता. जिथे त्यांनी रोगप्रतिकारशक्तीवरचं पुस्तक लिहिलं, तेच शहर. त्यांची पत्नी आणि मुलगाही युद्धामुळे तिथेच राहत होते. पण वाविलोव त्याच गावात कैदेत आहेत, याचा त्यांना पत्ता नव्हता.

इकडे लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडला होता. संस्थेतले लोक उपाशी होते. भोवती तांदूळ, गहू, शेंगदाणे पोत्यांनी आणि पुड्यांनी भरलेले. तरी त्यांनी दाण्याला हात लावला नाही. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव भुकेने गेले. शेंगदाण्यांचा संग्रह सांभाळणारे अलेक्सांद्र श्चुकिनही गेले. बियाणं वाचलं.

१९५५ मध्ये सोव्हिएत सरकारने वाविलोव यांच्यावरचे आरोप रद्द केले. आज त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध?

तर १९४० च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लोर यांनी जवसावरच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवलं की झाडात प्रतिकाराचं जसं जनुक असतं, तसं त्याला जोडीचं जनुक बुरशीतही असतं. बुरशीने आपलं जनुक बदललं की झाडाचं कुलूप उघडतं. म्हणजे आजचा दणकट वाण उद्या ढासळू शकतो. १९९९ मध्ये युगांडात नोंदवलेल्या तांबेऱ्याच्या नव्या प्रकाराने जगभर पेरल्या जाणाऱ्या गव्हातलं असंच एक भरवशाचं जनुक निकामी केलं. अशा वेळी नवं कुलूप शोधायला जुन्या वाणांकडेच जावं लागतं.

आणि असा एक जुना वाण आपल्या घरातलाच आहे. खपली गहू. ज्याची खीर आपण चवीने खातो, तो. १९२० च्या दशकात अमेरिकेत तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी १२ गव्हांचा संच वापरायचे, त्यात खपली होता, नावासकट. तांबेऱ्याला आणि भुरीला रोखणारी काही जनुकं शास्त्रज्ञांनी याच खपलीतून घेतली आहेत.

उत्पन्न कमी येतं म्हणून असे वाण मागे पडतात. पण कोणत्या पुडीत उद्याचं पीक वाचवणारं जनुक दडलंय, हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच वाविलोव निवड करत बसले नाहीत, मिळेल ते सगळं जपत गेले.