हॉपरबाई आणि म्हातारी भाषा कोबोल

मागच्या पालक सभेत एका वडिलांनी विचारलं, "सर, मुलाला कोडिंगचा क्लास लावायचाय. कुठली लँग्वेज शिकवू? उगाच जुनी झालेली नको." प्रश्न रास्त होता. पैसे त्यांचे, वेळ मुलाचा. मला मात्र पटकन उत्तर सुचलं नाही. घरी येऊन वाचत बसलो आणि वाचता वाचता एका बाईंच्या आयुष्यात अडकलो. त्यांनी आकार दिलेल्या भाषेला गेली पन्नास वर्षं लोक जुनी, टाकाऊ म्हणत आले आहेत आणि तरी ती अजून चालू आहे. त्या बाई म्हणजे ग्रेस हॉपर आणि ती भाषा म्हणजे कोबोल. आजचा लेख त्यांच्यावर.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला त्यांनी एक घड्याळ खोललं. परत जुळवता येईना, म्हणून दुसरं खोललं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली. आईने मारलं नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचा, एवढाच नियम घालून दिला. पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सोळाव्या वर्षी व्हॅसार कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, कारण लॅटिनमध्ये गुण कमी पडले. पुढच्या वर्षी मिळाला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. तोपर्यंत व्हॅसारमध्येच त्या गणित शिकवू लागल्या होत्या. म्हणजे आपल्या भाषेत हॉपरबाईच!

गणिताच्या वर्गात त्या मुलींना निबंध लिहायला लावत आणि त्यातल्या भाषेचेही गुण धरत. गणितात भाषा कशाला, अशी मुलींची तक्रार असे. पण समजलेलं गणित दुसऱ्याला सांगता आलं नाही तर त्याचा उपयोग नाही, यावर बाई ठाम होत्या. पुढची सगळी गोष्ट या एका आग्रहातून निघते.

नौदल आणि पहिलं यंत्र

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय पस्तिशीच्या पुढे, वजन नियमापेक्षा सुमारे ७ किलो कमी. तरी खास परवानगी काढून डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात मार्क-१ या गणनयंत्रावर झाली. ५१ फूट लांब, ८ फूट उंच असं ते धूड होतं. त्याला सूचना द्यायच्या म्हणजे कागदी पट्टीवर भोकं पाडायची. हे यंत्र कसं चालवायचं याचं पाचशेहून जास्त पानांचं पुस्तकही हॉपरबाईंनीच लिहिलं.

इथे एक दुरुस्ती. संगणकातला पहिला बग हॉपरबाईंनी शोधला असं आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. ते खरं नाही. सप्टेंबर १९४७ मध्ये मार्क-२ यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, हे खरं. पण तो सापडला यंत्र चालवणाऱ्यांना, आणि यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत तर एडिसनच्या काळापासूनची. हॉपरबाई हा किस्सा रंगवून सांगायच्या, म्हणून तो त्यांच्या नावावर पडला. वर्गात सांगताना एवढी काळजी घ्यावी.

युद्ध संपल्यानंतरचा काळ त्यांना कठीण गेला. लग्न मोडलं होतं, हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. ताणात आणि एकटेपणात त्या दारूच्या आहारी गेल्या. मित्रांनी सावरलं आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. थोरांच्या चरित्रातून अशी पानं गाळू नयेत असं मला वाटतं.

यंत्राला शब्द कळतील का?

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एका संगणक कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हे यंत्र बनत होतं. तेव्हा प्रोग्रॅम लिहिणारे एकमेकांच्या वहीतून सूचना उतरवून घेत आणि उतरवताना हमखास चुका होत. फळ्यावरून वहीत लिहिताना आकडा चुकणारी मुलं आपण रोज बघतो, तसंच हे. हे उतरवण्याचं काम यंत्रानेच का करू नये, असा विचार हॉपरबाईंनी केला. त्यातून १९५२ मध्ये त्यांचा पहिला कंपायलर तयार झाला. आधीच लिहिलेल्या सूचनांचे गट तो नंबरावरून शोधून एकत्र जोडून देई.

पुढची पायरी धाडसाची होती. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला चिन्हं नकोशी वाटतात, त्याला शब्द हवेत, म्हणून प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत लिहिता आला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. संगणकाला इंग्रजी कळत नाही, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी तोच छोटा प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवला. साहेब लोक आणखीच बिथरले. अमेरिकेतल्या यंत्राला फ्रेंच कसं कळेल! यंत्राला कुठलीच भाषा कळत नाही, ते फक्त अमुक खुणेला अमुक काम एवढंच जुळवतं, हा बाईंचा मुद्दा त्यांच्या डोक्यावरून गेला. पण शेवटी शब्दांची ती भाषा तयार झाली. तिचं नाव फ्लो-मॅटिक.

कोबोलचा जन्म

त्या काळी एका कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नसे. यंत्र बदललं की सगळं पुन्हा लिहा. यावर उपाय शोधायला मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात बैठक झाली. सहा यंत्र कंपन्या आणि तीन सरकारी विभागांच्या समितीने कोबोल ही सामाईक भाषा आखली. हॉपरबाई त्या भाषेच्या एकट्या लेखिका नव्हेत, त्या सल्लागार होत्या. पण समितीने सर्वांत जास्त घेतलं ते फ्लो-मॅटिकमधून. म्हणून पुढे लोक त्यांना कोबोलची आजी म्हणू लागले.

या भाषेवर पैज लावायला सगळे तयार नव्हते. काम रेंगाळल्याने वैतागलेल्या एका सदस्याने चक्क कोबोल असं कोरलेला थडग्याचा दगड बनवून घेतला आणि संरक्षण खात्यातल्या प्रमुखाला पाठवून दिला. तो दगड आजही अमेरिकेतल्या संगणक संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालला. जन्माआधी मरण जाहीर झालेली भाषा उभी राहिली.

भांडण काय आहे?

प्रोग्रॅमर मंडळींचे इथे दोन तट आहेत. पहिला तट म्हणतो की कोबोल अघळपघळ आहे. साध्या कामालाही चार विभाग पाडा, मग वाक्यंच्या वाक्यं लिहा. जुन्या कोबोलमध्ये इकडून तिकडे उड्या मारत जाणारे प्रोग्रॅम लिहिले जात आणि ते उलगडताना पुढच्याच्या नाकी नऊ येत. नेदरलँड्सचे मोठे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये तर कोबोल शिकवण्याला गुन्हाच ठरवावं, इतकी कडक टीका केली. त्याने विचारशक्ती लुळी पडते असं त्यांचं मत होतं.

दुसरा तट म्हणतो की भाषा कशासाठी केली ते आधी बघा. आपल्या शब्दांत सांगायचं तर विज्ञानाच्या गणितासाठीची फोरट्रान भाषा म्हणजे उभी मांडणी आणि कोबोल म्हणजे शाब्दिक उदाहरण. पगारातून कपात वजा कर, उत्तर हाती रकमेत ठेव, असं ती लिहिते. हिशेब तपासणाऱ्याला ते वाचता येतं. शिवाय पैशाचा हिशेब ती दशमान पद्धतीने चोख ठेवते. १/३ दशांशात लिहायला गेलं की ०.३३३ असं संपतच नाही, तसंच संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ पूर्ण लिहिता येत नाही. लाखो खात्यांच्या हिशेबात अशी बारीक चूक साचत जाते. म्हणून बँका, विमा, सरकारी कचेऱ्या यांनी कोबोल धरून ठेवलं. १९८५ आणि २००२ च्या नव्या प्रमाण आवृत्त्यांत भाषेतले बरेच दोषही कमी झाले.

सन २००० च्या तोंडावर जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे लिहिलेले असल्याने मोठी धावपळ झाली. खापर कोबोलवर फुटलं. पण दोन आकडे वाचवले माणसांनी, कारण तेव्हा साठवणीची जागा महाग होती. ते दुरुस्त करायचं बरंच काम भारतात आलं आणि आपल्याकडच्या कितीतरी तरुणांनी तेव्हा ही म्हातारी भाषा नव्याने शिकून पोट भरलं. पुन्हा एप्रिल २०२० मध्ये, कोरोनात, न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना मदतीसाठी जाहीर हाक घालावी लागली.

अखेरची वर्षं

१९६६ च्या अखेरीस नौदलाने वयामुळे हॉपरबाईंना निवृत्त केलं आणि काही महिन्यांतच सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने पुढे वर्षानुवर्षं लांबले. त्या काळात प्रत्येक यंत्रावरचं कोबोल खरंच एकसारखं चालतं का, हे तपासायच्या चाचण्या त्यांनी तयार करून घेतल्या. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये अमेरिकेने त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

गंमत बघा, जुन्या भाषेची ही आजी जुनं म्हणून काही चालू ठेवायच्या पक्की विरोधात होती. पूर्वीपासून असंच करतो, हे कारण त्यांना अजिबात चालत नसे. त्यांच्या कचेरीत उलट्या दिशेने फिरणारं घड्याळ होतं. वेळ त्यातही बरोबरच कळते, हे त्यांना दाखवायचं होतं.

वर्गात काय घेता येईल?

१) हॉपरबाई भाषणात तारेचे सुमारे ३० सेंमीचे तुकडे वाटत. एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात प्रकाश एवढंच अंतर जातो. कंपासपेटीतल्या १५ सेंमीच्या दोन पट्ट्या जोडून हे सहज दाखवता येतं.

२) एकच वजाबाकी मुलांना दोनदा लिहायला सांगा, एकदा चिन्हांत आणि एकदा वाक्यात. मग वह्या बदलून विचारा, दुसऱ्याचं कोणतं लवकर कळलं? मी चौथीत घेतलं. वर्गात दोन तट पडले आणि तास कसा संपला ते कळलं नाही.

त्या पालकांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, दादा, भाषा कुठलीही लावा. फक्त मुलाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचून कळतंय का, ते अधूनमधून बघत जा. भाषा जुनी होणारच, ही सवय जुनी होत नाही.

तुमच्या वर्गातला अनुभव नक्की कळवा.