डॉ. कोटणीस : पुढचे दिसत नसतानाही



रविवारी मिस्सा झाल्यावर आपण मंडळी दारात बोलत उभे राहतो. विषय ठरलेले असतात. पाऊस वेळेवर येईल का? उजनीचे पाणी सुटेल का? मुलाला नोकरी लागेल का? दवाखान्यातला रिपोर्ट काय येईल? उद्याचे कुणालाच ठाऊक नसते आणि तेच मनाला खात राहते. म्हणून आज आम्ही आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाची जीवनकथा आपणांपुढे ठेवीत आहोत. ते आपल्या धर्माचे नव्हते, पण त्यांच्याकडून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. डॉक्टर होण्यासाठी ते मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात गेले. सोलापूरहून मुंबईला जाणारी रेल्वे तेव्हाही आपल्या मोहोळवरूनच जात असे. शिक्षण झाले. आता दवाखाना काढावा, घरच्यांना हातभार लावावा, असा सरळ मार्ग समोर होता.

पण 1937 साली जपानने चीनवर आक्रमण केले. जखमींसाठी डॉक्टर पाठवावेत, अशी विनंती चीनमधून आली आणि राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक निवडले. डॉ. कोटणीस त्यांतले एक. 1 सप्टेंबर 1938 रोजी त्यांची बोट मुंबईहून निघाली. देश अनोळखी, भाषा येत नाही, युद्ध कधी संपेल याचा पत्ता नाही.

चीनमध्ये पोहोचून काही महिने होतात न होतात तोच वडील वारल्याची बातमी आली. परत फिरण्यास याहून मोठे कारण कोणते? तरीही ते तेथेच राहिले. 1939 च्या आरंभी पथक येनानला पोहोचले आणि त्याच वर्षाअखेर डॉ. कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीकडे गेले. 1940 च्या एका लढाईत त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. जपानी फौजा जवळ आल्या की रुग्णांसह ठिकाण बदलावे लागे. आज इथे, उद्या कुठे, हे कुणीच सांगू शकत नसे. अशा दिवसांत ते चिनी शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. 1941 मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. पण डॉक्टरांना अपस्माराचे झटके येत होते. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बाळ साडेतीन महिन्यांचे होते. शल्यचिकित्सेवरचे पाठ्यपुस्तक अपुरे राहिले. पथकातले बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले, घरी मात्र आईची वाट पाहणे संपले ते न परतणाऱ्या मुलाच्या बातमीने. आपण त्यागाच्या गोष्टी ऐकतो तेव्हा या घरी राहिलेल्यांना विसरू नये. अनिश्चिततेचे ओझे त्यांनीही वाहिले.

युद्धाचा शेवट डॉक्टरांना पाहायला मिळाला नाही. आपल्या कष्टांचे काय होईल, हेही त्यांना कळले नाही. त्यांना एवढेच माहीत होते, की समोर एक जखमी माणूस आहे आणि आपल्या हातांना काम येते. त्यांची समाधी आज चीनमधील शिच्याच्वांग येथे आहे आणि सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. सोलापूरला कामानिमित्त गेलात तर मुलांना घेऊन तेथे जरूर जावे.

उद्याची काळजी आपल्यापैकी कुणालाच सुटलेली नाही. पाऊस आपल्या हाती नाही, रिपोर्टही नाही. पण शेजारच्या आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, घरातल्या म्हाताऱ्यांना वेळेवर औषध देणे, हे आजचे काम आपल्या हाती आहे. या आठवड्यात तेवढे तरी आपण करू या.