मान फिरवलेल्या बापाचा मुलगा : क्लॅरन्स डॅरो

दुसऱ्या वर्षाला असताना आम्हाला वर्गात 'इनहेरिट द विंड' हे इंग्रजी नाटक वाचायला होतं. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवला म्हणून १९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका शिक्षकावर खटला झाला होता, त्यावर ते बेतलेलं आहे. त्यातला म्हातारा वकील समोरच्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसवून बायबलवरून त्याची उलटतपासणी घेतो. सगळा वर्ग हसत होता, मी मात्र मनातून चिडले होते. रविवारची मिस्सा कधी न चुकवणाऱ्या घरातली मी, मला तो माणूस उद्धट वाटला. नंतर कळलं की हे पात्र क्लॅरन्स डॅरो नावाच्या खऱ्या वकिलावरून घेतलंय. आपल्याला न आवडणारा माणूस खरा कसा होता ते बघू, म्हणून वाचायला बसले आणि भलत्याच ठिकाणी अडकले. ते ठिकाण म्हणजे फाशी.

डॅरोचा जन्म १८ एप्रिल १८५७ चा, ओहायो राज्यातल्या किन्समन या खेडेवजा गावातला. वडील अमायरस लाकडी सामान बनवायचे, गावासाठी शवपेट्याही तेच करायचे. खरं तर ते धर्मोपदेशक व्हायला निघाले होते, पण शिकता शिकताच त्यांची श्रद्धा गेली. घरात पैसा कमी आणि पुस्तकं जास्त. डॅरो जेमतेम पंधरा वर्षांचा असताना आई वारली.

या वडिलांची एक हकिकत डॅरोने म्हातारपणी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. अमायरस तरुण असताना फाशी उघड्यावर, सगळ्यांसमोर दिली जायची. लोक जत्रेला जावं तसे बघायला जायचे. तेही गेले आणि नीट दिसावं म्हणून पुढे जाऊन उभे राहिले. पण दोर गळ्यात घालायची वेळ आली तेव्हा त्यांना बघवेना. त्यांनी मान फिरवली. आपण तिथे गेलोच कशाला, ही लाज त्यांना जन्मभर पुरली. मला वाटतं, डॅरोचं पुढचं सगळं आयुष्य या एका गोष्टीतून उलगडतं. बापाने जिथे मान फिरवली, तिथे मुलगा पन्नास वर्षं बघत उभा राहिला.

डॅरो वकील झाला तो फार मोठी पदवी घेऊन नाही. मिशिगन विद्यापीठात एक वर्ष कायदा शिकला, मग एका वकिलाच्या हाताखाली राहिला आणि १८७८ मध्ये त्याला सनद मिळाली. अ‍ॅश्टब्युला नावाच्या गावात छोटी-मोठी कामं घेत असताना तिथल्या एका न्यायाधीशाने त्याला एक पुस्तक दिलं. शिकागोच्या जॉन पीटर आल्टगेल्डने ते १८८४ मध्ये लिहिलं होतं. तुरुंग गुन्हेगार सुधारत नाहीत, गरिबांना पकडून पकडून नवे गुन्हेगार तयार करतात, असं त्याचं म्हणणं. या पुस्तकाने डॅरोला मुळापासून हलवलं. १८८७ मध्ये तो शिकागोला आला, तेव्हा आल्टगेल्डला जाऊन भेटला आणि त्यांची मैत्री झाली.

इथून गोष्ट इलिनॉय राज्याची होते. डॅरो शिकागोत आला त्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १८८७ ला, तिथल्या तुरुंगात चार जणांना एकदम फाशी दिली गेली. आदल्या वर्षी ४ मे रोजी हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेच्या शेवटी कुणीतरी पोलिसांवर बॉम्ब टाकला होता. तो नेमका कुणी टाकला हे सिद्ध झालंच नाही, तरी भाषणं करणाऱ्या आणि पत्रकं काढणाऱ्या अराजकवाद्यांना शिक्षा झाली. पाचव्याने फाशीच्या आदल्या दिवशी तुरुंगातच जीव दिला. तीन जण तुरुंगात राहिले. त्यांना सोडावं म्हणून जी खटपट चालली होती, तीत डॅरोही होता. १८९३ मध्ये आल्टगेल्ड इलिनॉयचा गव्हर्नर झाला आणि जूनमध्ये त्याने तिघांना माफी दिली. वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. पुढच्या निवडणुकीत तो हरला आणि परत कधी सावरला नाही. तिघं सुटले, पण चौघांचं काय? ते तर सहा वर्षांपूर्वीच गेले होते. फाशीबद्दलचा पहिला धडा डॅरोने तिथे घेतला असावा. माफी उशिरा आली तरी जिवंत माणसाच्या उपयोगी पडते, मेलेल्याच्या नाही.

दुसरा धडा त्याच्या स्वतःच्या पदरात पडला. १८९३ च्या ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक प्रेंडरगास्ट नावाच्या तरुणाने शिकागोचे महापौर कार्टर हॅरिसन यांच्यावर घरात जाऊन गोळ्या झाडल्या. हा आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक घरातला मुलगा, वर्तमानपत्रं वाटायचा. महापौर आपल्याला शहराच्या वकिलाचं मोठं पद देणार होते, असं त्याने डोक्यात घेतलं होतं. त्याला फाशीची शिक्षा झाल्यावर डॅरो मध्ये पडला. वेड्या माणसाला फाशी देता येत नाही, या कायद्याच्या आधाराने त्याने पुन्हा ज्यूरीपुढे सुनावणी मिळवली. ज्यूरीने मुलगा शहाणा ठरवला. १३ जुलै १८९४ ला त्याला फाशी झाली. ज्या मुलाची विचारशक्ती ठिकाणावर नाही हे सगळ्या शहराला दिसत होतं, त्याला शहराच्या रागापायी मरावं लागलं. डॅरो हरला.

दहा-अकरा वर्षांनी, १९०५ मध्ये, त्याने एक छोटी कादंबरी लिहिली. डोळ्याच्या बदल्यात डोळा, असं तिचं नाव. बायकोचा खून केलेला एक गरीब माणूस फाशीच्या आदल्या रात्री कोठडीत आपल्या मित्राला सगळी हकिकत सांगतो, एवढीच गोष्ट. नायक निर्दोष नाही, फसवला गेलेलाही नाही. खून त्यानेच केलाय. मला हे महत्त्वाचं वाटलं. निरपराध माणसाला फाशी नको हे कुणीही म्हणेल. डॅरोचा प्रश्न अपराध्याबद्दल होता.

आता तो संत होता असं मी म्हणत नाही. १९११ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वर्तमानपत्राच्या कचेरीत स्फोट घडवणाऱ्या मॅक्नमारा बंधूंचं वकीलपत्र त्याने घेतलं. त्यांना गुन्हा कबूल करायला लावून त्यांचा जीव वाचवला, पण त्याच खटल्यात ज्यूरीला लाच दिल्याचा आरोप खुद्द डॅरोवर आला. एका खटल्यात तो सुटला, दुसऱ्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. कॅलिफोर्नियात पुन्हा वकिली करणार नाही असं कबूल करून तो शिकागोला परतला. नाव गेलं, पैसा गेला. पन्नाशी उलटून गेली होती. तिथून पुन्हा उभं राहायला त्याला बरीच वर्षं लागली.

आणि मग १९२४ साल आलं. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता.

२१ मे १९२४ रोजी शिकागोच्या श्रीमंत वस्तीतला १४ वर्षांचा बॉबी फ्रँक्स शाळेतून घरी येताना नाहीसा झाला. घरी १०,००० डॉलरची खंडणी मागणारं पत्र आलं, पण पैसे पोचायच्या आधीच मुलाचं प्रेत एका मोरीच्या पाइपात सापडलं. जवळ एक चष्मा पडला होता. त्याच्या बिजागरीची घडण इतकी वेगळी होती की शिकागोत तसे तीनच चष्मे विकले गेले होते. त्यातला एक नेथन लिओपोल्डचा. लिओपोल्ड १९ वर्षांचा, त्याचा मित्र रिचर्ड लोब १८ चा. दोघंही कोट्यधीश घरातले आणि अतिशय हुशार. खून का केला? पैशासाठी नाही, वैरासाठी नाही. आपल्याला पकडता न येणारा गुन्हा करून दाखवायचा होता, म्हणून. बॉबी तर लोबचा नात्यातलाच होता.

वाचताना मला त्या दोघांचा किळस आला. थांबून थांबून बॉबीच्या आईचा विचार यायचा. मुलगा शाळेतून येईल म्हणून ती घरात वाट बघत असेल आणि फोन वाजला असेल. सगळं शहर फाशी मागत होतं. मी तिथे असते तर मीही मागितली असती.

डॅरोने हे वकीलपत्र घेतलं आणि सगळ्यांना वाटलं की आता तो मुलांना वेडं ठरवणार. त्याने तसं केलं नाही. २१ जुलैला त्याने दोन्ही आरोप एकदम कबूल केले, खून आणि अपहरण. यात त्याची वकिली अक्कल होती. इलिनॉयमध्ये दोन्ही गुन्ह्यांना फाशी होती, म्हणजे एकात शिक्षा कमी झाली तर सरकार दुसऱ्यात पुन्हा फाशी मागू शकलं असतं. ती वाट त्याने बंद केली. शिवाय गुन्हा कबूल केल्यावर ज्यूरी उरत नाही, शिक्षा एकट्या न्यायाधीशाला ठरवावी लागते. बारा जणांमध्ये जबाबदारी वाटून घेता येते, हे डॅरोला प्रेंडरगास्टच्या वेळी कळलं होतं. एका माणसाला मात्र स्वतःच्या सहीने, स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं की यांना मारा.

ऑगस्टच्या शेवटी तीन दिवसांत मिळून सुमारे बारा तास तो न्यायाधीश जॉन कॅव्हर्ली यांच्यापुढे बोलला. कोर्टाबाहेर आत शिरायला झुंबड उडाली होती. मुलं चांगली आहेत असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याचं म्हणणं साधारण असं होतं : यांच्या बुद्धीला भावनेची जोड मिळालीच नाही. नुकत्याच झालेल्या महायुद्धाने जगाला माणसं मारायची सवय लावली, ती या पोरांपर्यंतही पोचली. सरकार क्रूर झालं की माणसं दयाळू होत नाहीत. आणि दोन मुलं लटकवून बॉबी परत येणार नाही, फक्त आणखी दोन आया रडतील. सरकारी वकील रॉबर्ट क्रो यांनीही तितक्याच जोराने फाशी मागितली.

१० सप्टेंबरला निकाल लागला. खुनासाठी जन्मठेप आणि अपहरणासाठी ९९ वर्षं. डॅरो जिंकला. पण निकाल नीट वाचला तर एक गोष्ट खुपते. कॅव्हर्ली यांनी मुख्य कारण दिलं ते वयाचं. इलिनॉयमध्ये त्याआधी कायद्याने फाशी गेलेले अल्पवयीन फक्त दोन होते, आणि त्या काळी अल्पवयीन म्हणजे २१ च्या आतला. म्हणजे डॅरोने दयेची बाजू मांडली, आणि कोर्टाने जन्मतारीख बघितली. मी आता २१ पूर्ण केलीत. त्या कोर्टात माझ्या वाट्याला ती सवलत आली नसती.

डॅरोलाही हे समजलं असणार, कारण तो गप्प बसला नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याने एका न्यायाधीशाशी या विषयावर जाहीर वाद केला. १९२५ मध्ये फाशी रद्द व्हावी म्हणून देशभरासाठी संघटना उभी राहिली, तीत तो पुढे होता. इलिनॉयने मात्र फाशी सोडली नाही, फक्त दोराच्या जागी विजेची खुर्ची आणली. १३ मार्च १९३८ ला डॅरो शिकागोत वारला. जॅक्सन पार्कमधल्या तळ्यात त्याची रक्षा सोडली. तिथल्या पुलाला आज त्याचं नाव आहे.

लोबला १९३६ मध्येच तुरुंगात दुसऱ्या कैद्याने मारलं होतं. लिओपोल्डने तुरुंगात इतर कैद्यांना शिकवलं, महायुद्धाच्या काळात मलेरियाच्या औषधांचे प्रयोग स्वतःवर करून घेतले. ३३ वर्षांनी, १९५८ मध्ये तो सुटला आणि पोर्टो रिकोला जाऊन तिथल्या मिशनच्या दवाखान्यात काम करू लागला. १९७१ मध्ये तो वारला. याने बॉबीचं काही भरून निघालं का? नाही. पण १९२४ मध्ये दोर ओढला असता तर हा दुसरा माणूस कधी झालाच नसता.

इलिनॉयची गोष्ट संपायला २०११ उजाडलं. १९९० पासून तिथे १२ जणांना मारण्यात आलं होतं, आणि २००० च्या सुरुवातीपर्यंत फाशीच्या कोठडीतून निर्दोष म्हणून सुटलेल्यांची संख्या झाली होती १३. मारलेल्यांपेक्षा चुकून पकडलेले जास्त! गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी २००० मध्ये फाशी थांबवली आणि २००३ मध्ये जाता जाता कोठडीतल्या सगळ्यांची फाशी रद्द केली. ९ मार्च २०११ ला पॅट क्विन या कॅथलिक गव्हर्नरांनी शिक्षाच रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. डॅरोच्या भाषणानंतर ८७ वर्षांनी.

२० मार्च २०२० ला पहाटे तिहारमध्ये चौघांना फाशी झाली तेव्हा मी दहावीत होते. मी स्टेटस ठेवला होता, न्याय मिळाला म्हणून. मैत्रिणींनी हार्ट पाठवले. त्या मुलीसाठी मला तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं, त्यातलं काहीच कमी झालेलं नाही. पण आमच्या बेळगावात हिंडलगा जेल आहे आणि तिथे फाशीचा खांब आहे. हल्ली बस तिकडून गेली की मी गप्प होते. तो स्टेटस म्हणजे जत्रेतली पुढची जागाच होती, हे आता कळतं. फरक एवढाच की अमायरसला निदान समोर दोर दिसला, म्हणून मान फिरवता आली. मला तर फक्त बातमी दिसली होती.

२०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आपल्या चर्चच्या शिकवणीत बदल करून मृत्युदंड कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही असं लिहिलं. आमच्या घरी त्यावर फार चर्चा झाली नाही. मला ते समजायला बायबलची थट्टा करणारा एक म्हातारा वकील लागला. देवाला न मानणाऱ्या माणसाने मला क्षमेचा धडा द्यावा, हे नाटक वाचताना कुणी सांगितलं असतं तर मी आणखी चिडले असते.