जिने चढणारी परिचारिका

चौथीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला खरूज झाली. शाळेने तिला घरी पाठवले. ती पुन्हा आलीच नाही. तिच्या घरी कोणी जाऊन पाहिले का, हा प्रश्न मला पडला तो फार उशिरा, लिलियन वॉल्ड यांची जीवनकथा वाचताना.

१८६७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका सुखवस्तू कुटुंबात त्या जन्मल्या. १८९१ मध्ये न्यूयॉर्कला परिचारिकेचे शिक्षण पुरे करून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या. १८९३ साली लोअर ईस्ट साइड या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत त्या बायकांना घरगुती शुश्रूषा शिकवीत. एकदा एक लहान मुलगी आईसाठी मदत मागत आली. तिच्या मागोमाग बाई गेल्या. दोन खोल्यांत सात माणसे, वर पोटभाडेकरू आणि मळक्या अंथरुणावर रक्तस्रावाने खचलेली बाळंतीण! त्या दिवशी बाईंची वाट बदलली. डॉक्टरकी सोडून, मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह त्या त्याच वस्तीत राहायला गेल्या. १८९५ मध्ये हेन्री स्ट्रीटवर त्यांच्या सेवाकेंद्राला हक्काचे घर मिळाले.

इथल्या परिचारिका रोग्याच्या घरी जात, ऐपतीप्रमाणे पैसे घेत. नसतील तर तशाच सेवा करीत. १९१३ पर्यंत ९२ परिचारिका वर्षाला सुमारे २ लाख गृहभेटी देऊ लागल्या.

त्या काळी न्यूयॉर्कच्या शाळांतही खरूज, डोळ्यांचे आजार झालेल्या मुलांना नुसते घरी पाठवीत. उपचार कोणीच करीत नसे. १९०२ मध्ये बाईंनी लीना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभर चार शाळांत पाठवले. तिने जखमा बांधल्या, घरोघरी जाऊन आयांना समजावले. मुले वर्गात परतली आणि शहराने शाळांसाठी आणखी परिचारिका नेमल्या.

पण दमट खोली, तुटपुंजी मजुरी आणि कारखान्यात राबणारी पोरे यांवर मलमपट्टी पुरणार नाही, हे बाईंनी ओळखले होते. बालकांसाठी सरकारी विभाग हवा, असा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला. १९१२ मध्ये तो स्थापन झाला. १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी परिषद भरली, तेव्हा काळ्या-गोऱ्या प्रतिनिधींचे एकत्र स्वागत त्यांनी आपल्याच घरी केले.

१९४० मध्ये त्या गेल्या. आज एखादी आरोग्यसेविका पिशवी सावरत चाळीचा जिना चढताना दिसली, की मला बाकावरची ती रिकामी जागा आठवते. तेव्हा एक जिना कोणी चढले असते, तर?