लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडास तथा लिओ फेंडर (१० ऑगस्ट, १९०९ – २१ मार्च, १९९१) हे अमेरिकन संशोधक व वाद्यनिर्माते होते. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर ह्या विद्युत गिटारी, प्रिसिजन बेस तसेच निर्वात नलिकांवर चालणारे अनेक गिटार-ॲम्प्लिफायर ही त्यांची निर्मिती होय. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्यांच्या ॲम्प्लिफायरची रचना पाहिली की ही गोष्ट पदोपदी जाणवते.

पूर्वायुष्य

फेंडर यांचा जन्म कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम व फुलरटन यांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठीमुळे त्यांचा एक डोळा काढावा लागला व तेथे काचेचा डोळा बसवण्यात आला. मोटारींची विद्युत उपकरणे दुरुस्त करणाऱ्या मामांच्या दुकानात त्यांनी एक घरगुती रेडिओ पाहिला आणि त्यातून त्यांना ह्या विषयाची गोडी लागली. महाविद्यालयात त्यांनी शिक्षण मात्र हिशेबनिसाचे घेतले आणि काही वर्षे तीच नोकरी केली. महामंदीच्या काळात नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलरटन येथे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले. स्थानिक वादक आपले नादुरुस्त ॲम्प्लिफायर तेथे आणू लागले. कोणता भाग वारंवार बिघडतो, हे त्यांना ह्या कामातून कळत गेले.

उद्योग

१९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत त्यांनी 'के अँड एफ' ही कंपनी काढली. पुढील वर्षी कॉफमन बाहेर पडले व फेंडर यांनी स्वतःच्या नावाने काम सुरू केले. १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. बेस गिटारसाठी बनवलेला 'बासमन' ॲम्प्लिफायर साध्या गिटारवादकांनीच अधिक उचलून धरला. लंडनच्या जिम मार्शल यांचा पहिला ॲम्प्लिफायरही त्याच्याच मंडलावर आधारलेला होता.

ॲम्प्लिफायरची रचना व गोंगाट

फेंडर यांच्या यंत्राच्या मागील बाजूचे थोडे स्क्रू काढले की चासी बाहेर येते. भाग एका तंतुमय पट्टीवर ओळीने जोडलेले असतात. कोणती नलिका कोठे बसवायची याचा तक्ता पेटीच्या आत चिकटवलेला असतो. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे यंत्रही आज सामान्य कारागिराला दुरुस्त करता येते.

ही यंत्रे जुनी झाली की आवाज करू लागतात. कारागीर प्रथम गिटारची तार काढून पाहतो. आवाज थांबला, तर दोष गिटारकडे किंवा तारेत असतो. स्ट्रॅटोकास्टरचे एकेरी वेटोळ्याचे पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ओढून घेतात, आणि हा बिघाड नव्हे. त्यानंतर पहिल्या नलिकेपासून एकेक नलिका काढत जातात. जी काढल्यावर आवाज बंद होतो, त्या टप्प्यात किंवा त्याच्या आधी दोष असतो. पेन्सिलीने हलकेच टकटक केल्यावर स्पीकरमधून घणघण ऐकू आली, तर ती नलिका बदलावी लागते.

गुणगुण कोणत्या स्वराची आहे, यावरूनही बरेच कळते. अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १२० हर्ट्झची गुणगुण बहुधा वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची असते (भारतात ती १०० हर्ट्झची असते). त्याच्या निम्म्या कंप्रतेची गुणगुण तापक तंतूच्या तारांमधून किंवा सदोष भूसंपर्कातून येते. वाजवत नसतानाही तडतड होत असेल, तर संशय नलिकांच्या खोबणींतील मळावर आणि जुन्या कार्बन रेझिस्टरांवर जातो. क्वचित ती तंतुमय पट्टीच दमट होऊन किंचित वीज वाहू लागते. असा दोष शोधणे सर्वांत त्रासाचे.

मूळपणा जपण्याच्या हौसेने काही संग्राहक जुने फिल्टर कपॅसिटर बदलू देत नाहीत. हा आग्रह अनाठायी आहे, कारण ते फुटले तर बदली मिळण्यास कठीण असा मूळ ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो. त्याहून गंभीर बाब दोन पिनांच्या वायरीची. तिच्यासोबत चासीला जोडलेला कपॅसिटर बिघडल्यास गिटारच्या तारांवर थेट घरगुती वीज येऊ शकते, म्हणून तो काढून भूसंपर्क असलेली तीन पिनांची वायर लावली जाते. यंत्र बंद केल्यावरही आत ४०० व्होल्टच्या आसपास विद्युतभार शिल्लक राहू शकतो. तो उतरवल्याशिवाय आत हात घालू नये.

गुणगुणीवर फेंडर यांनी स्वतःही काम केले. १९५७ पासून प्रिसिजन बेसमध्ये दोन भागांत विभागलेला पिकअप आला. त्याची दोन्ही वेटोळी एकमेकांची गुणगुण रद्द करतात.

विक्री आणि उत्तरायुष्य

सायनसच्या चिवट संसर्गाने फेंडर बरीच वर्षे आजारी होते. आपण फार दिवस जगणार नाही, अशा समजुतीने त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये १.३ कोटी डॉलरना कंपनी सीबीएसला विकली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचारांनी ते बरे झाले. पण तोवर त्यांचे नाव दुसऱ्याच्या मालकीचे झाले होते, आणि करारानुसार त्यांना दहा वर्षे त्याच व्यवसायात स्पर्धा करता येत नव्हती. ही मुदत संपल्यावर ते 'म्युझिक मॅन' कंपनीचे अध्यक्ष झाले. नंतर जुने सहकारी जॉर्ज फुलरटन यांच्यासह त्यांनी 'जी अँड एल' स्थापन केली. १९७९ मध्ये पत्नी एस्थर यांचे निधन झाले. १९८० मध्ये त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. अखेरच्या काळात पार्किन्सनचा आजार असूनही ते कार्यशाळेत जात असत.