एच. पी. लव्हक्राफ्ट : भुताची लॅब टेस्ट

'तुंबाड' (२०१८) न पाहिलेला माणूस आपल्या होस्टेलला दिवा घेऊन शोधावा लागेल. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचं बीज १९९३ साली आपल्या नागझिऱ्याच्या जंगलात मिळालं. तिथे एका मित्राने त्यांना नारायण धारपांची गोष्ट सांगितली होती. पण हस्तर हे नाव ऐकून जुन्या भयकथावाचकांचे कान टवकारतात. अँब्रोज बिअर्सच्या १८९१ च्या कथेत हास्टर हा मेंढपाळांचा देव होता. पुढे चेंबर्सने तो उचलला, मग लव्हक्राफ्टने, मग स्टीफन किंगने. एकाचं भूत दुसऱ्याने पुढे चालवायचं, हा उद्योग खरा फोफावला तो हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टमुळे.

जन्म २० ऑगस्ट १८९०, अमेरिकेतलं प्रोव्हिडन्स. वडील वेड्यांच्या इस्पितळात वारले. १९०४ मध्ये आजोबा गेले आणि राहतं घरही गेलं. पोरगा मात्र आठव्या वर्षापासून केमिस्ट्रीच्या नादात, नंतर दुर्बिणीच्या. तेराव्या वर्षाच्या आसपास तो स्वतःचं खगोलशास्त्राचं पत्रक काढायचा. १९०६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याचं पत्र छापून आलं. नेपच्यूनपलीकडे ग्रह असावा, वेधशाळांनी मिळून आकाशाचे फोटो घेऊन तो शोधावा, असं त्यात होतं. वय सोळा! प्लूटो सापडला १९३० मध्ये, आणि तोही फोटो ताडूनच.

एवढं असून गडी खगोलशास्त्रज्ञ झाला नाही. बीजगणित जमेना (एम-थ्रीवाल्यांनो, ऐका), तब्येत ढासळली आणि १९०८ मध्ये शाळा अर्धवट सुटली. ब्राउन विद्यापीठाचं स्वप्न तिथेच संपलं. त्या धक्क्याने तो काही वर्षं घरातच बसून होता.

हुकलेलं सायन्स पुढे कथांमध्ये उतरलं. 'द कलर आउट ऑफ स्पेस' (१९२७) वाचा. शेतात उल्का पडते. प्रोफेसर मंडळी तुकडा लॅबमध्ये नेतात, तापवतात, ऐरणीवर ठोकतात, हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, अगदी ॲक्वा रेजियासुद्धा ओतून बघतात. स्पेक्ट्रोस्कोपमध्ये कुठल्याच ओळखीच्या रंगात न बसणारे पट्टे दिसतात. आपल्या फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकलच की! फक्त रीडिंग कशातच बसत नाही, आणि भीती तिथून सुरू होते. त्याचं गणित साधं होतं: एकच गोष्ट अशक्य, बाकी सगळं चोख. दक्षिण ध्रुवावरच्या कादंबरीत त्याने खंड सरकतात हा वेगेनरचा सिद्धांतही घेतला. तेव्हा तो बऱ्याच भूगर्भशास्त्रज्ञांना मान्य नव्हता. प्लूटोची बातमी आली तेव्हा एक कथा चालूच होती. त्याने स्वतःचा काल्पनिक ग्रह युगॉथ म्हणजेच प्लूटो, असं त्यात बसवून टाकलं.

दोस्त लोकांनाही त्याने या खेळात ओढलं. 'नेक्रोनोमिकॉन' हा ग्रंथ त्याच्या कल्पनेतला, पण त्याचा भाषांतरं-आवृत्त्यांसकट सनावळीवार इतिहास त्याने लिहून ठेवला. स्मिथ, हॉवर्ड, ब्लॉक यांनी आपापले ग्रंथ जोडले आणि सगळे एकमेकांचे संदर्भ देऊ लागले. चार जण एकाच पुस्तकाचा दाखला देतात म्हटल्यावर वाचकाला ते खरंच वाटणार. अठरा वर्षांच्या रॉबर्ट ब्लॉकने तर कथेत लव्हक्राफ्टसारख्या माणसाला मारलं, तेही रीतसर परवानगी काढून. १९३६ मध्ये लव्हक्राफ्टने रॉबर्ट ब्लेक नावाचं पात्र मारून हिशेब चुकता केला.

माणूस म्हणून तो सरळ नव्हता. त्याचा वर्णद्वेष पत्रांत आणि कथांतही दिसतो, आणि तो वाचताना खटकतोच. पैशाची कायम बोंब. 'कलर'चे मिळाले २५ डॉलर, तेही उशिरा. ध्रुवाची कादंबरी १९३१ मध्ये 'वीअर्ड टेल्स'ने परत पाठवली, त्याने तो फार खचला. १५ मार्च १९३७ ला आतड्याच्या कॅन्सरने गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी.

१९३९ मध्ये डर्लेथ आणि वाँड्री या मित्रांनी प्रकाशनसंस्था काढून त्याच्या कथा जगवल्या, हे उपकार मोठेच. पण डर्लेथने पुढे या जगात पृथ्वी-आप-तेज-वायू असे कप्पे पाडले, आणि माझ्या मते सायन्सची हवा तिथेच गेली. समुद्राखाली कोंडलेल्या कथुलूला त्याने जलतत्त्वात टाकलं. जलतत्त्वाच्या प्राण्याला पाण्यात कोंडून काय होणार, हे त्यालाच ठाऊक. हास्टरच्या वाट्याला वायू आला.