राजकुमारी अमृत कौर : सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या शिल्पकार

नवी दिल्ली : स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातील एकमेव महिला मंत्री आणि देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव आज प्रामुख्याने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी, म्हणजेच एम्सशी जोडले जाते. मात्र पैशाअभावी कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व सरकारी धोरणात उतरविण्यासाठी त्यांनी केलेले दहा वर्षांचे काम याहून बरेच व्यापक होते. त्या कामातील यश आणि उणिवा, दोन्हींचा वारसा आजची आरोग्यव्यवस्था वागवीत आहे.

अमृत कौर यांचा जन्म लखनऊचा. वडील राजा हरनाम सिंह कपूरथळा राजघराण्यातील होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संस्थानापासून दूर राहणे पसंत केले. अमृत कौर यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमधील शेरबोर्न येथे झाले. मायदेशी परतल्यावर वडिलांचे स्नेही गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि त्यातूनच महात्मा गांधींच्या कार्याकडे त्या ओढल्या गेल्या. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. बालविवाह, पडदापद्धती आणि स्त्रियांचे अनारोग्य यांचा परस्परसंबंध त्यांनी याच काळात जवळून पाहिला.

पुढे अनेक वर्षे त्यांनी गांधीजींच्या सचिव म्हणून काम केले. राजवाड्यात वाढलेल्या या स्त्रीने वर्ध्याजवळील सेवाग्रामचे साधे आश्रमजीवन आपलेसे केले. १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात त्यांना कारावास घडला. संविधान सभेवर त्या मध्य प्रांत व वऱ्हाडमधून निवडून गेल्या.

ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांनी आरोग्य खात्याची सूत्रे स्वीकारली, तेव्हा परिस्थिती बिकट होती. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. डॉक्टर बहुतांशी शहरांत आणि लोकसंख्या खेड्यांत, अशी ही विषम विभागणी होती. उपचाराचा खर्च झेपत नाही म्हणून कोणालाही सेवा नाकारली जाऊ नये आणि ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे उभे राहावे, अशी समितीची शिफारस होती. त्यातच फाळणीमुळे लाखो निर्वासित छावण्यांत आले होते आणि साथरोगांचे सावट होते.

तिजोरीत पैसा कमी आणि आजारी माणसे अगणित, अशा स्थितीत कमी खर्चात अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचणारे उपाय प्रथम हाती घेण्यात आले. क्षयरोगाविरुद्ध बीसीजी लसीकरणाची मोहीम सुरू झाली आणि लसनिर्मितीसाठी मद्रासजवळील गिंडी येथे प्रयोगशाळा उभारण्यात आली. १९५५ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्याने या लसीला जाहीर विरोध केला, तरी अमृत कौर यांनी मोहीम थांबविली नाही. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. १९५० चे दशक संपता संपता ही संख्या सुमारे वीस लाखांपर्यंत खाली आली होती. १९५० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या.

देशातच उत्तम डॉक्टर, अध्यापक आणि संशोधक घडविणारी संस्था असावी, हे भोर समितीने सुचविले होते. निधीअभावी ते रखडले असते; परंतु कोलंबो योजनेअंतर्गत न्यूझीलंडकडून मदत मिळाली आणि १९५२ मध्ये दिल्लीत पायाभरणी झाली. फेब्रुवारी १९५६ मध्ये अमृत कौर यांनी लोकसभेत विधेयक मांडले. संस्थेला स्वायत्तता असावी आणि अध्यापकांनी खासगी व्यवसाय न करता पूर्ण वेळ अध्यापन, संशोधन व रुग्णसेवेला द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. सर्वोत्तम तज्ज्ञाचा सल्ला रुग्णाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, याची ही कायदेशीर तरतूद ठरली.

त्यांच्या कारकिर्दीला मर्यादाही होत्या. १९५२ पासून सामुदायिक विकास योजनेतून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. पण भोर समितीला अपेक्षित मनुष्यबळ आणि निधी त्यांना मिळाला नाही. १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेचा लाभ केंद्रीय कर्मचाऱ्यांना झाला; शेतमजूर आणि कारागीर अशा संरक्षणाबाहेरच राहिले. कुटुंब नियोजनाच्या बाबतीत गांधीविचारांच्या प्रभावामुळे त्यांनी कृत्रिम साधनांऐवजी नैसर्गिक पद्धतीवर भर दिला. पुढील काळात देशाच्या धोरणाने ही भूमिका मागे टाकली.

१९५७ मध्ये मंत्रिपद सोडल्यानंतर त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या. सिमल्यातील ‘मॅनॉरव्हिल’ हे आपले वडिलोपार्जित निवासस्थान त्यांनी एम्सला देऊन टाकले. ६ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. तोपर्यंत एम्सचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते.

आज एम्सच्या बाह्यरुग्ण विभागासमोर दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या रुग्णांच्या रांगा लागतात. अल्प खर्चात उत्तम उपचार मिळतील, हा त्यांचा विश्वास अमृत कौर यांच्या कामाची पावती आहे. त्याचबरोबर, आपल्या जिल्ह्यात ते उपचार मिळाले असते तर या रुग्णांना दिल्ली गाठावी लागली नसती, याची आठवणही त्याच रांगा करून देतात.